मागें फिरलेला दहावा

(शास्त्राधार : लूक १७ : ११ ते १९)



बाजरी खळ्यावरून घरांत आली म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील कित्येक मंडळ्या पिकाच्या उपकारस्तुतीचा सण पाळतात. कोणी कणसांची पेंढी आणतो, कोणी पायलीभर धान्य, कोणी कोंबडी, कोणी चार अंडीं, कोणी परसांतला भोपळा. उपासना झाल्यावर त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या कामीं लागतो. ही रीति चांगली आहे व ती टिकावी. परंतु सण सरला, मंदिर झाडून झालें, आणि त्या केराबरोबर उपकारस्तुतीहि बाहेर गेली, असें होऊं नये. वर्षांतून एक दिवस उपकार मानणें सोपें आहे. उपकार मानीत जगणें कठीण आहे. त्या जगण्याविषयीं आज दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीवरून आपण विचार करूं.

प्रभु येशू यरुशलेमेच्या वाटेवर होता. शोमरोन व गालील यांच्या सीमेवरील एका गांवांत तो शिरत असतां दहा कुष्ठरोगी त्याला भेटले. ते दूर उभे राहिले आणि तेथूनच त्यांनीं मोठ्यानें दयेची याचना केली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें त्यांना वस्तीबाहेर राहावें लागे. जवळ येण्याची त्यांना मोकळीक नव्हती.

बंधूंनो, हें दूर उभें राहणें म्हणजे काय, हें आपल्या मंडळ्यांना कोणी शिकवावयास नको. आपल्यापैकीं बहुतेकांचे आजे-पणजे गांवकुसाबाहेर राहत. पाटलाच्या ओसरीपासून अंतर राखून ते जोहार घालीत. विहिरींत पोहरा सोडण्याची त्यांना मनाई होती. कोणी दया येऊन वरून ओंजळींत पाणी ओतील, तेव्हां त्यांची तहान भागे. त्यांच्या अंगीं रोग नव्हता, तरी रोग्याप्रमाणें त्यांना दूर ठेवलें होतें. म्हणून ही गोष्ट वाचतांना आपण रस्त्यावरच्या गर्दींत उभे नाहीं; त्या दहा जणांच्या रांगेंत उभे आहों.

प्रभूनें त्यांना याजकांकडे जाण्यास सांगितलें, आणि ते वाटेनें जात असतां शुद्ध झाले. नऊ जण पुढें गेले. एक मागें फिरला. आतां विचारावेसें वाटतें कीं, त्या नऊ जणांचा अपराध काय? याजकांकडे जा, ही तर प्रभूचीच आज्ञा होती. लेवीयाच्या चौदाव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें याजकानें तपासून शुद्ध ठरविल्यावांचून कोणासहि आपल्या वस्तींत परत येतां येत नसे. म्हणजे ते नऊ जण आज्ञा मोडणारे नव्हते. ते आज्ञा पाळणारे होते. त्यांनीं याजकाची मान्यता मिळविली असेल, घर गांठलें असेल, बायकामुलांत बसले असतील, आपापल्या धंद्यास लागले असतील. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. फक्त दान हातीं आल्यावर दाता त्यांच्या दृष्टीआड झाला.

येथेंच आपली परीक्षा आहे. ज्यांनीं मंडळी सोडली तेच नऊंपैकीं, अशी समजूत करून घेऊं नका. दर रविवारीं उपासनेस येणारा, वर्गणी भरणारा, लेंकरांचा बाप्तिस्मा वेळेवर करविणारा, असा मनुष्यहि त्या नऊंत असूं शकतो. रीतभात सर्व पाळली, आणि प्रभूकडे तोंड मात्र फिरविलें नाहीं, तर तो याजकाच्या वाटेनें पुढें गेलेला नववाच होय.

आपल्या जिल्ह्याकडे पाहा. अहमदनगरास, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें डिसेंबर १८३१ मध्यें पडलें. आरंभींच्या कामकऱ्यांत बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण जातींतून आलेले ख्रिस्ती गृहस्थ होते. दोन वर्षेंहि पुरीं झालीं नाहींत तोंच, १८३३ सालीं, ते देवाघरीं गेले. मिस सिंथिया फॅरार १८२७ सालीं अमेरिकेहून मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळांचें काम पाहूं लागल्या, आणि १८६२ सालीं येथेंच वारल्या. जोतीराव फुले यांनीं नगरांतील मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या व १८४८ सालीं पुण्यास स्वतः मुलींची शाळा काढली. ज्यांची सावली टाळीत त्यांच्या लेंकरांच्या हातीं पाटी आली. ज्यांचें नांव कोणी नीट उच्चारीत नसे त्यांना प्रभूच्या मेजाशीं बसतां आलें. दहा जण शुद्ध झाले, तसे आपणहि झालों. कोण मागें फिरला, हा प्रश्न अजून उरला आहे.

याच ठिकाणीं एक जुना टोमणा आठवतो. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला; त्यानंतर १८९६-९७ सालीं व पुन्हां १८९९-१९०० सालीं पडला. मिशननें अन्न दिलें, काम दिलें, पोरक्या मुलांना वसतिगृहांत घेतलें. त्या काळांत व त्यानंतर पुष्कळ लोक मंडळींत आले. तेव्हांपासून कोणी कोणी म्हणतात कीं, हे भाकरीचे ख्रिस्ती आहेत. आपल्या तरुणांना हें बोलणें झोंबतें, आणि ते रागानें उत्तर देतात. परंतु रागाची गरज नाहीं. भुकेल्या मनुष्यानें भाकरी मागितली यांत लाज कसली? प्रभूनें स्वतः पांच हजारांस जेवूं घातलें तेव्हां कोणाचें मन आधीं तपासून पाहिलें नाहीं. दहावा कुष्ठरोगीहि प्रथम कातडीच्याच दुःखानें ओरडला होता. आरंभ भाकरीपासून झाला यांत कमीपणा नाहीं. भाकरीपाशींच थांबलों तर मात्र टोमणा खरा होईल. योहानाच्या सहाव्या अध्यायांत प्रभु लोकांना हाच दोष देतो कीं, पोट भरलें म्हणून ते त्याच्या मागें लागले आणि खूण ओळखली नाहीं. तेव्हां या टोमण्याला उत्तर वादानें देतां येत नाहीं. भाकरी देणाऱ्या हातापर्यंत जो मागें फिरून जातो, त्याचें जिणें हेंच उत्तर.

आतां कोणी म्हणेल, एवढे उपकार फेडावे तरी कसे? ‘फेडणें’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. कर्ज फेडतात, खत फेडतात. सावकाराच्या वहींतील आंकडा आपल्या वाडवडिलांच्या छातीवर धोंड्यासारखा असे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकरी असे गांजले कीं, त्यांनीं सावकारांच्या घरांतून वह्या व खतें ओढून काढलीं आणि जाळलीं; त्यापायीं पुष्कळांना धरपकड व शिक्षा सोसावी लागली. परंतु पौल कलस्सै येथील मंडळीस काय लिहितो? आपल्याविरुद्ध असलेलें खत देवानें आपण होऊन रद्द केलें, व तें वधस्तंभावर खिळून टाकलें, असें तो सांगतो. ऋणको खत जाळतो तेव्हां शिपाई येतो. धनको स्वतः खत फाडतो तेव्हां ऋणकोनें काय करावें? हिशेब मांडीत बसावें काय? नाहीं, त्याच्या पायांशीं जावें. दहाव्यानें तेंच केलें. त्यानें प्रभूच्या हातांत कांहीं ठेवलें नाहीं, कारण त्याच्यापाशीं कांहीं नव्हतें. तो पायां पडला आणि उपकार मानले.

म्हणून, बंधुभगिनींनो, देवाचे उपकार फेडण्याच्या भरीस पडूं नका. जो फेडावयास निघतो तो एके दिवशीं म्हणतो कीं, मीं पुष्कळ दिलें, आतां खातें मिटलें. तीन सणांना तीन पायल्या दिल्या कीं त्याचें मन भरतें, आणि चौथ्या वर्षीं पाऊस हुकला तर तो देवाकडेच बाकी मागूं लागतो. एकशें सोळाव्या स्तोत्राचा कर्ता देवाला काय परत द्यावें असा प्रश्न स्वतःला करतो, आणि उत्तर मोठें नवलाचें देतो : तारणाचा प्याला हातीं घेईन. द्यावें काय असें विचारतो, आणि पुन्हां घेतोच! ज्यानें मनापासून घेतलें त्याच्या हातून देणें आपोआप होऊं लागतें. झरा भरला म्हणजे ओढा वाहतो.

परंतु झराच आटला तर? आपला जिल्हा अवर्षणाचा. मृगाचे दिवस कोरडे जातात, हस्त फसवितो, दुबार पेरणीचें बियाणें कर्जानें आणलेलें असतें. १९७२ सालच्या दुष्काळांत आपल्या वडीलधाऱ्यांनीं खडी फोडली, पाझर तलावांवर मातीच्या पाट्या वाहिल्या आणि सुकडी खाऊन दिवस काढले. अशा वेळीं उपकारस्तुति कशी करावी? पौल थेस्सलनीका येथील मंडळीस सर्व स्थितींत उपकार मानण्यास सांगतो. ‘स्थितींत’ हा शब्द नीट ध्यानांत धरावा. दुष्काळाबद्दल देवाचे आभार माना, असें शास्त्र सांगत नाहीं; दुष्काळांत असतांहि देव सोडून जात नाहीं, म्हणून त्या स्थितींतहि त्याचे आभार माना, असें सांगतें. हबक्कूक संदेष्टा झाडास फळ नाहीं, शेतांत अन्न नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, असें एकेक मोजून सांगतो. तो कांहीं लपवीत नाहीं, आणि मग देवाच्या ठायीं हर्ष करतो. ज्याच्या घरचा रिकामा गोठा देवापुढें मोकळेपणानें सांगतां येत नाहीं, त्याची स्तुतिहि पोकळ होते.

प्रचारक बंधूंनो, येथें तुम्हांस विशेष जपावयाचें आहे. जिचें लेंकरूं काल पुरलें त्या माउलीच्या घरीं जाऊन ‘देवाचे उपकार मान’ असें म्हणूं नका. प्रभु लाजराच्या कबरेपाशीं गेला, तेव्हां तो आधीं रडला. पित्याचे उपकार त्यानें त्यानंतर मानले. हा क्रम तुम्ही उलटा करूं नका. तिच्याजवळ बसा, पाणी भरून द्या, भाकरी करून न्या. ज्या रात्रीं प्रभूला धरून दिलें त्याच रात्रीं त्यानें भाकर घेऊन उपकारस्तुति केली, हें तिला सांगण्याची वेळ येईल. ती वेळ देवाला ठाऊक आहे.

तुम्हांविषयीं आणखी एक शब्द. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. नगर व राहुरी येथें त्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें, आणि कीर्तन, भजन या आपल्या मातींतल्या रीतींनीं ते ख्रिस्ताचें गुणगान करीत. पुढें १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी व पगार सोडला, संन्यासवृत्ति पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झालें. पगार घेणें पाप आहे असें यावरून समजूं नये. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, हें शास्त्रच सांगतें. परंतु प्रत्येक प्रचारकानें, शिक्षकानें, बायबलबाईनें व पाळकानें रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं स्वतःला विचारावें : उद्यां पगार थांबला तर माझी उपकारस्तुति थांबेल काय? थांबणार असेल, तर ती स्तुति आजहि देवाची नव्हे, पगाराची आहे.

आतां नित्याच्या जगण्याकडे वळूं. मागें फिरणें म्हणजे आपल्या खेड्यांत काय करणें, हें तीन गोष्टींत सांगतों.

पहिली गोष्ट, तोंडानें बोला. दहावा मोठ्यानें देवाचें गौरव करीत आला. दया मागतांना जो आवाज होता तोच त्यानें उपकार मानण्यास लावला. आपण मागतांना मोठ्यानें मागतों, आणि मिळाल्यावर पुटपुटतों. पूर्वीं पहांटे जात्यावर ओव्या उठत. जातीं आतां बहुतेक घरांतून गेलीं, पण चूल पेटते, दिवा लागतो, ताट वाढलें जातें. त्या वेळीं बापानें लेंकरांच्या देखत दोन शब्द उपकाराचे बोलावे. लेंकरूं ऐकून शिकतें.

दुसरी गोष्ट, आधीं द्या आणि चांगलें द्या. सणाला आणावयाची पायली पोतें उघडतांच भरून बाजूस ठेवावी; तळाशीं उरलेलें किडकें धान्य देवाच्या वांट्यास येऊं नये. लिलावांत बोली चढविणाऱ्यानेंहि आपलें मन पाहावें. दहा जणांनीं पाहावें म्हणून लावलेली बोली लोकांच्या डोळ्यांतच खर्च होते. आणि विधवेनें आणलेलें एक अंडें मंडळीच्या वडिलांनीं तितक्याच आदरानें हातीं घ्यावें.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि तीच मी तुमच्या मनावर विशेष बिंबवूं इच्छितों : जे आज दूर उभे आहेत त्यांच्याकडे वळा. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायांत पहिल्या पिकाची पाटी देवापुढें ठेवण्याचा विधि सांगितला आहे. पाटी ठेवणाऱ्यानें आपला पूर्वज भटका होता, मिसरांत आपण दास होतों, देवानें आपल्याला सोडविलें, हें सर्व तोंडानें सांगावयाचें. आणि मग आपल्यांत राहणाऱ्या परक्यालाहि बरोबर घेऊन आनंद करावयाचा. पूर्वींची हीनदशा विसरणाऱ्याची पाटी अर्धीच भरलेली असते, आणि परक्याला दाराबाहेर ठेवणाऱ्याचीहि तशीच.

तर मग आपणच विचारूं. आपल्या मंडळींत अजून ‘हे अमक्या वाड्यांतले, ते तमक्या वाड्यांतले’ असें बोलतात कीं नाहीं? सोयरीक जुळवितांना प्रभूच्या मेजावरचा एक प्याला विसरून जुना भेद आठवतो कीं नाहीं? लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या ग्रंथांत स्वतःच्या मनांतील शिवाशीव कशी गळून पडली हें लिहून ठेवलें आहे. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर झाला. ज्यांच्या घरांत सोवळें पिढ्यान् पिढ्या चालत आलें होतें त्यांनीं तें टाकलें; ज्यांनीं त्या सोवळ्याचा जाच सोसला त्यांनीं तें कोठून तरी उचलून घरांत आणावें, हें कसें शोभेल?

आणि गांवाबाहेर पाहा. १९५० सालीं प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढें जिल्ह्यांत असे अनेक कारखाने झाले. गळिताच्या हंगामांत बीडकडून व आपल्याच पाथर्डीच्या भागांतून ऊसतोडीचे मजूर येतात. गांवाच्या कडेला कोप्या घालून ते राहतात. पहांटे थंडींत कोयता घेऊन फडांत उतरतात. त्यांचीं लेंकरें शाळा सोडून त्यांच्या मागें फिरतात. आपल्या आज्या-पणज्यांप्रमाणें ते आज दूर उभे आहेत. सणाच्या दिवशीं मंदिरांत जेवण होतें, तेव्हां त्या कोप्यांतून कोणी पानावर बसतो काय? आपल्यांतला शिकलेला एखादा तरुण संध्याकाळीं त्यांच्या मुलांना तासभर अक्षरें शिकवितो काय? शिक्षणामुळें आपल्यांतले पुष्कळ जण पुण्यामुंबईस चांगल्या हुद्द्यांवर पोंचले. त्याबद्दल देवाची स्तुति असो. त्यांनींहि वर्षांतून एकदां खेड्याच्या वाटेनें मागें फिरावें, आणि ज्या शाळेंत पाटी धरली तिचें छप्पर गळतें कीं काय तें पाहावें.

शेवटीं एवढेंच ध्यानांत घ्या. दहाहि जण शुद्ध झाले. देवानें नऊ जणांची कातडी पुन्हां बिघडविली नाहीं. देव दिलेलें दान रागानें परत घेत नाहीं. परंतु विश्वासानें तारण झाल्याचा शब्द एकट्या दहाव्यालाच ऐकावयास मिळाला, कारण तो शब्द ऐकूं येईल इतक्या जवळ तोच आला होता. आणि तो कोण? शोमरोनी, परका, ज्याला यहूदी आपल्यांत धरीत नसत तो. जो सर्वांत दूर होता, तो प्रभूच्या सर्वांत जवळ जाऊन पोंचला. मग प्रभूनें त्याला उठून जाण्यास सांगितलें. तो आपल्या गांवीं परत गेला असेल, त्याच शेतांत राबला असेल, त्याच उन्हांत घामाघूम झाला असेल. परंतु आतां तो नुसता बरा झालेला मनुष्य नव्हता, तो प्रभूला ओळखणारा मनुष्य होता.

तुमच्या घरीं यंदा पीक आलें असो वा करपलें असो, त्या वाटेवर अजून मागें फिरण्यास जागा आहे. आज फिरा.

हे कृपाळु पित्या, आम्ही दूर होतों, तूं आम्हांस जवळ केलेंस. आमचें खत तूं फाडलेंस, आणि तरी आम्ही पुष्कळदां तुझ्याकडे पाठ करून चालत राहिलों. आमचें तोंड तुझ्याकडे फिरीव. सुकाळांत आम्हांस विसराळू होऊं देऊं नको, दुष्काळांत कडवट होऊं देऊं नको. जे आज आमच्या गांवाबाहेर उभे आहेत त्यांना आंत घेण्यास आमचें दार व आमचें मन उघड. आमचा तारणारा प्रभु येशू ख्रिस्त याच्या नांवानें मागतों. आमेन.